आपलं वर, बाहेरचं खाली

टाचणीबाईंना हे नाव कुणी ठेवलं, ते आता इस्पितळात कुणालाच सांगता येणार नाही. ज्यांनी ठेवलं ते निवृत्त होऊन गेले आणि जे मागाहून आले त्यांना वाटतं, बाईंचं खरं नावच ते असावं. नोंदणीच्या दोन नंबरच्या खिडकीवर त्या सत्तावीस वर्षं बसत आल्या आहेत. आलेल्या माणसाचा केसपेपर काढायचा, त्याचे जुने कागद असतील ते मागवायचे, सगळे ओळीने लावायचे, डाव्या कोपऱ्यात टाचणी मारायची आणि फाईल आत धाडायची. टाचणी जाऊन स्टेपलर आला त्यालाही आता जमाना झाला, पण बाई टाचणीबाईच राहिल्या.

बाई शिस्तीला पक्क्या. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक फाईल गहाळ झाली नव्हती आणि त्यांची खिडकी वेळेआधी एक मिनिट बंद झाली नव्हती. रांगेत कुणी मध्येच घुसलं तर त्या त्याच्याकडे चष्म्याच्या वरून नुसतं बघत, आणि तो माणूस आपणहून मागे जाई. घरी मात्र रोज सकाळी तोच चष्मा हरवायचा. त्यांचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. ते म्हणत, गावातल्या हजार लोकांची दुखणी कुठल्या कपाटात आहेत ते हिला पाठ, स्वतःचे डोळे कुठं ठेवले ते ठाऊक नाही. बाई यावर चकार शब्द काढत नसत, कारण चष्मा बहुतेक वेळा डोक्यावरच सापडे.

फाईल लावायचा नियम त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनी तो चार शब्दांत शिकवला: आपलं वर, बाहेरचं खाली. म्हणजे इस्पितळाने लिहिलेला कागद वर आणि गावातल्या दवाखान्यांकडून आलेला कागद तळाला. असं का, हे बाईंनी विचारलं नाही. नव्या नोकरीत 'का' विचारणारी माणसं फार दिवस टिकत नाहीत, एवढी समज त्यांना होती. पुढे त्यांनी स्वतः तीन नव्या कारकुनांना तोच नियम शिकवला, आणि त्यांतल्या एकीने 'का' विचारलं तेव्हा तिच्याकडेही चष्म्याच्या वरून पाहिलं.

दुसरी सवय काटकसरीची. कोरा कागद दिसला की बाईंचा हात शिवशिवायचा. गावातल्या एका डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चांगल्या लांबलचक असत. वरच्या अर्ध्या भागात मजकूर, मध्ये बारीक छिद्रांची आडवी ओळ, आणि खालचा अर्धा भाग कोरा करकरीत. अगदी तळाला बारीक अक्षरात दवाखान्याचा पत्ता तेवढा. इतका चांगला कागद फाईलच्या बुडाशी कुजवत ठेवायचा म्हणजे पापच, असं बाईंना वाटे. त्या छिद्रांवरून अलगद फाडून खालचे भाग वेगळे काढत आणि त्यांच्या छोट्या वह्या करत. टोकन नंबर, फोनवरचे निरोप, घरी न्यायचं सामान, सगळं त्या वह्यांवर. एका वर्षी कर्मचाऱ्यांच्या सभेत हेडक्लार्कनी या काटकसरीचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

त्या चिठ्ठ्या लिहिणारे म्हणजे पायरीवाले डॉक्टर. त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या बाकावर तीन माणसं मावत, बाकीची बाहेर पायऱ्यांवर बसत. तीस वर्षं त्यांनी तिथून हलायचं नाव काढलं नव्हतं. कुठल्या घरातल्या आजीचा कुठला गुडघा दुखतो आणि कुठलं पोर सुई बघून कुठल्या दिशेला पळतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. टाचणीबाईंच्या सासूबाईंचं शेवटचं आजारपण त्यांनीच निभावून नेलं होतं, आणि बाईंना त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता. हा आदर आणि ती कात्री न लावता फाडलेली चिठ्ठी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे बाईंच्या स्वप्नातही नव्हतं.

आता दीड वर्षापूर्वी काय झालं ते सांगायला हवं. एका सुताराला मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. पायरीवाल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि चिठ्ठी देऊन इस्पितळात पाठवलं. चिठ्ठीत त्यांनी खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं की दुखणं थांबवायचं अमुक एक इंजेक्शन या माणसाला अजिबात चालत नाही, मागे एकदा जिवावर बेतलं होतं. टाचणीबाईंनी चिठ्ठी घेतली, कोरा भाग फाडून वहीत सारला, मजकुराचा भाग नियमाप्रमाणे तळाला लावला आणि फाईल आत दिली. सुतार कळांनी असा वाकला होता की तोंडातून शब्द फुटत नव्हता. आत माणसांची रीघ लागलेली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वरचा कागद पाहिला, त्याची तळमळ पाहिली आणि नेमकं तेच रोजचं, साधं इंजेक्शन द्यायला सांगितलं. पाच मिनिटांत त्याचा चेहरा सुजला आणि श्वास कोंडला. नशीब एवढंच की डॉक्टर आणि सिस्टर दोघी समोर उभ्या होत्या. त्यांनी शर्थ केली. सुतार चार दिवस यंत्रांना जोडलेला पडून होता, मग बरा होऊन घरी गेला.

पायरीवाल्या डॉक्टरांना ही बातमी सुताराच्या बायकोकडून कळली. दुपारी दवाखाना बंद करून ते इस्पितळात आले, तर दारावरच्या वॉचमनने पास मागितला. मी डॉक्टर आहे, माझा पेशंट आत आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. भेटायची वेळ चार ते सहा, असं उत्तर मिळालं. डॉक्टर पाऊण तास बाकावर बसले आणि उठून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांची एकही चिठ्ठी खिडकीवर आली नाही. गावातल्या बाकीच्या चार-पाच डॉक्टरांनीही हात आखडता घेतला. दुखणं जरा गंभीर दिसलं की ते पेशंटला सरळ मोठ्या शहरात पाठवू लागले, गाडीने दीड तास.

आतल्यांचा रागही काही कमी नव्हता. बाहेरचे डॉक्टर धड काही कळवत नाहीत, पेशंट नुसता दारात आणून टाकतात, असं वॉर्डात बोललं जाई. बाहेर म्हणत, इस्पितळ म्हणजे आड आहे, माणूस आत सोडला की पुन्हा आवाजसुद्धा येत नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागेवरून जे दिसत होतं तेच बोलत होती. आणि बरोबर मधल्या खिडकीवर टाचणीबाई बसल्या होत्या.

रीतसर चौकशी झाली. अहवालात बाईंच्या वाट्याला एक ओळ आली: 'फाईल नियमानुसार लावलेली होती.' हेडक्लार्कनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, सुटलात. बाईंना काही सुटल्यासारखं वाटलं नाही. चिठ्ठी तळाला लावणारा हात त्यांचाच होता आणि तो हात रोज त्यांच्यासमोर टेबलावर असे. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण कागदोपत्री त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

अशात सूनबाईला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. मुलगा वीज कंपनीत लाइनमन, दुसऱ्या गावी नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळे सूनबाईची सगळी काळजी सासूसासऱ्यांकडे. सातव्या महिन्यात तिचं बीपी वाढू लागलं. पायरीवाल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि घरी रोज दोनदा मोजायला सांगितलं. यजमानांनी मशीन आणलं. ते अशा थाटात पट्टा बांधायचे की जणू लांबच्या फेरीआधी गाडीचं चाक तपासताहेत. आकडा वाढलेला दिसला की म्हणायचे, "आज हवा जरा जास्त आहे, सूनबाई, सावकाश चाला." ती हसायची, आणि बाई आकडा टिपून ठेवायच्या.

पण बाळंतपणाचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी शहराचं नाव घेतलं. तिकडेच नाव घाला आणि नववा लागला की तिकडेच जाऊन राहा, म्हणाले. शहरात या कुटुंबाचं ओळखीचं असं कुणी नव्हतं. आणि यजमानांनी त्या रस्त्यावर बावीस वर्षं बस चालवली होती. ते म्हणाले, दीड तास म्हणजे रेल्वेचं फाटक उघडं असेल तर. आणि ते उघडं मिळालेले दिवस मी बोटांवर मोजून दाखवतो. हे बीपीचं दुखणं एकदा चढायला लागलं की दीड तास फार होतात, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं होतं. घरापासून दहा मिनिटांवर इस्पितळ, तिथं ऑपरेशन थिएटर, तिथं बाळंतपणाच्या डॉक्टर, आणि तिथंच सासू नोकरीला.

"आई, तुम्ही तिथं असताना मी इतक्या लांब का जायचं?" सूनबाईने एकदा भाजी निवडताना विचारलं.

बाईंनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. उत्तर त्यांच्यापाशी होतं, पण ते सांगायचा धीर नव्हता. बिनचिठ्ठीचा माणूस इस्पितळात आला की त्याचं काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कोरा केसपेपर निघतो, आणि सगळं पहिल्यापासून त्यानेच सांगायचं. ऐन वेळी सांगता येतंच असं नाही, हे सुताराने दाखवून दिलं होतं. चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठी लिहिणारा माणूस रुसून बसला होता.

एका शनिवारी दुपारी कामावरून सुटल्यावर बाई परस्पर दवाखान्यात गेल्या. पायऱ्यांवरची माणसं संपेपर्यंत थांबल्या, मग आत जाऊन त्यांनी आठवड्याचे आकडे टिपलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी आकडे पाहिले, मान हलवली, कागद परत द्यायला उचलला आणि सहज उलटा केला. तळाशी बारीक अक्षरात त्यांच्याच दवाखान्याचा पत्ता होता.

"हा कागद तुम्हाला कुठं मिळाला?"

बाईंनी मोकळेपणाने सांगितलं. तुमच्या चिठ्ठ्यांचा खालचा भाग कोरा असतो ना, तो मी फाडून ठेवते, वाया जायला नको म्हणून. सांगताना त्यांना वाटलं, डॉक्टर आता शाबासकी देणार. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि ते बाईंपुढे ठेवून छिद्रांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"हा भाग उत्तरासाठी असतो, बाई."

मग त्यांनी सांगितलं ते बाईंना जन्मभर पुरेल. तीस वर्षांपूर्वी दवाखाना उघडला तेव्हा त्यांनी छापखानावाल्याच्या मागे लागून ही छिद्रं मुद्दाम पाडून घेतली होती. आपण वर लिहायचं, इस्पितळातल्या डॉक्टरने खाली उत्तर लिहायचं, ओळीवरून फाडायचं आणि पत्त्यावर पाठवायचं. पहिल्या तीन वर्षांत अकरा उत्तरं आली. ती अजून एका डब्यात ठेवलेली होती. त्यानंतर एकही नाही. डॉक्टरांची समजूत झाली की मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या माणसांना दोन खोल्यांच्या दवाखान्याला उत्तर द्यायला कमीपणा वाटत असेल.

"मी सत्तावीस वर्षं आहे तिथं," बाई म्हणाल्या.

तिसांतून तीन वजा करायला दोघांनाही वेळ लागला नाही. एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं.

"सुताराची चिठ्ठीही मीच तळाला लावली, डॉक्टर. आमच्याकडे तसंच लावतात. आपलं वर, बाहेरचं खाली. कुणी वाचली नाही, कारण मी ती वाचता येईल अशी ठेवलीच नाही."

डॉक्टर उठले आणि खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले. आता खरडपट्टी निघणार, या तयारीने बाई पदर आवळून बसल्या. पण डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "यावर 'उत्तर' असा एक शब्द मी का छापला नाही? वाटलं, डॉक्टर वाचणार आहे, डॉक्टरला काय सांगायचं." ते थोडंसं हसले. मग त्यांना पुन्हा राग आठवला. "पण पाऊण तास मला बाकावर बसवलं ते काही कागदाने बसवलं नाही."

ते खरंच होतं, आणि बाई तसं म्हणाल्या. शेवटी डॉक्टरांनी एक अट घातली. सुताराच्या चिठ्ठीचं उत्तर आणा. उशीर झाला तो झाला. ज्याने ते इंजेक्शन लिहिलं त्याच्याच हातचं हवं. ते आलं की सूनबाईची चिठ्ठी लिहितो.

इंजेक्शन लिहिणाऱ्या डॉक्टर म्हणजे पळत्या डॉक्टर. तिशीतली बाई, बाळंतपणाचा धरून दोन वॉर्ड एकटीने सांभाळणारी. त्यांना कुणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दुपारचा डबासुद्धा उभ्यानेच. सोमवारी टाचणीबाईंनी सुताराची फाईल दोन मिनिटांत शोधून काढली आणि पळत्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. बाईंनी तळाचा कागद वर करून त्यांच्या हातात दिला. पळत्या डॉक्टरांनी तो वाचला, आणि जिन्याच्या पायरीवर चक्क बसल्या.

"हे त्या दिवशी होतं?"

होतं, तळाला, असं बाईंनी सांगितलं. चौकशीच्या वेळी पळत्या डॉक्टरांना दोन लेखी प्रश्न आले होते आणि त्यांनी दोन लेखी उत्तरं दिली होती. फाईल कुणी त्यांच्यासमोर ठेवली नव्हती. दीड वर्ष त्या पायरीवाल्या डॉक्टरांवर दात धरून होत्या, एवढी मोठी गोष्ट माहीत असून या माणसाने कळवली नाही म्हणून. सुताराचा सुजलेला चेहरा त्यांनाही अजून दिसत असे. एवढं त्यांनी सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "मी असं काही लिहून दिलं तर माझ्यावर येईल."

"माझ्यावर आधी येईल," बाई म्हणाल्या. "तुमच्या आधी मी बसते."

पळत्या डॉक्टरांनी बाईंच्याच वहीतला एक अर्धा कागद घेतला. पहिले तीन त्यांनी लिहून चुरगाळले, आणि कागद वाया गेल्याबद्दल बाई आयुष्यात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. चौथ्यावर लिहिलं ते असं: 'तुमची चिठ्ठी मी आज वाचली. त्या दिवशी वाचली असती तर ते इंजेक्शन दिलं नसतं. पेशंट चार दिवस अतिदक्षता विभागात होता, घरी जाताना ठीक होता, खडा पडून गेला. तुम्हाला बाहेर बसावं लागलं ते मला आजच कळलं. वाईट वाटलं. पुढच्या वेळी थेट फोन करा.' आणि खाली आपला नंबर.

पायरीवाल्या डॉक्टरांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. डबा काढला, अकरा कागदांवर हा बारावा ठेवला आणि झाकण लावलं. मग खुर्ची पुढे ओढून सूनबाईची चिठ्ठी लिहायला घेतली. खालच्या कोऱ्या भागावर त्यांनी आधी पेनने ठळक अक्षरात एक शब्द लिहिला: उत्तर.

दुसऱ्या दिवसापासून टाचणीबाई बाहेरची चिठ्ठी सगळ्यांच्या वर लावू लागल्या. कुणाची परवानगी वगैरे काही नाही. आठवडाभरात हेडक्लार्कच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मेमो काढला: सत्तावीस वर्षांचा नियम आपण कुणाला विचारून मोडला, लेखी खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला. म्हणजे त्यांनी एक फाईल केली. मेमो नियमाप्रमाणे 'आपला' कागद, तो त्यांनी तळाला लावला आणि सुताराची चिठ्ठी वर. मध्ये एका कोऱ्या पानावर एकच ओळ लिहिली: 'साहेबांनी आधी कोणता कागद वाचला, तोच माझा खुलासा.' फाईल हेडक्लार्ककडून वर इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे गेली.

मोठे साहेब मुळात शांत माणूस. दारं बंद ठेवून फाईली वाचणारा. त्यांनी पळत्या डॉक्टरांना बोलावलं, मग बाईंना बोलावलं, मग हेडक्लार्कला बोलावून बराच वेळ ठेवून घेतलं. बाहेर आल्यावर हेडक्लार्क बाईंना म्हणाले की चिठ्ठी वर लावायची कल्पना त्यांच्याही मनात कधीची घोळत होती. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. आठ दिवसांत नवा नियम निघाला: बाहेरची चिठ्ठी वर, खालच्या भागावर उत्तर, उत्तराची नोंद दोन नंबरच्या खिडकीवर. गावातल्या डॉक्टरांना पास लागणार नाही. आणि दर शनिवारी सकाळी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी चहाला यायचं.

पहिल्या शनिवारी दोघे आले, त्यातले एक नुसते भांडायला. ते तासभर भांडले आणि जाताना पुढच्या शनिवारची वेळ विचारून गेले. वॉर्डातल्या डॉक्टरांनीही मनातलं ओकून घेतलं. म्हणाले, तुमचं अक्षर लागत नाही, औषधांची नावं तरी सरळ लिहा. पायरीवाले डॉक्टर तिसऱ्या शनिवारी आले. वॉचमन उठून उभा राहिला आणि त्याने दार उघडून धरलं. डॉक्टरांनी त्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि ते आत गेले. पळत्या डॉक्टर तिथं बसून चहा पीत होत्या, ही बातमी त्या दिवशी सगळ्या इस्पितळात पसरली.

आठव्या महिन्याच्या अखेरीस, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, यजमानांनी सूनबाईच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशे ऐंशी-एकशे दहा. त्यांनी विनोद केला नाही. तिचं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. शेजाऱ्यांची गाडी घेऊन ते आधी पायऱ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळी दिली, घरचा आकडा आणि वेळ घालून नवी चिठ्ठी लिहिली, पळत्या डॉक्टरांना फोन केला, आणि पायऱ्यांवर बसलेल्या लोकांना थांबायला सांगून स्वतःच गाडीत बसले.

टाचणीबाईंच्या खिडकीतून चिठ्ठी आत आली. वर सूनबाईचं नाव. बाईंच्या हातांना काम माहीत होतं. केसपेपर काढला, चिठ्ठी वर ठेवली, टाचली, फाईल दिली. मग त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला नाव विचारलं. कुणी म्हणालं, अहो बाई, जा की आत. बाई गेल्या नाहीत. आत जाऊन नुसतं उभं राहायचं आणि जीव टांगणीला लावायचा, त्यापेक्षा इथं निदान हात तरी चालू होते. मनात मात्र त्या एकच घोकत होत्या: वाचा, वरचा कागद वाचा.

पाऊण तासाने पायरीवाले डॉक्टर बाहेर आले. थिएटरमध्ये घेतलंय, पळत्या डॉक्टर आत आहेत, म्हणाले. पायऱ्यांवर माणसं खोळंबली होती म्हणून ते परत गेले. बाईंनी आणखी एकवीस केसपेपर काढले. त्यांतल्या एकावर त्यांनी तारखेच्या जागी माणसाचं वय लिहिलं, आणि खोडून पुन्हा लिहिलं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना वॉर्डातली आया नेहमीसारखी उत्तरांचे कागद घेऊन आली. बाईंनी नोंदवही उघडली. पहिला कागद एका म्हातारीच्या दम्याचा, दुसरा एका मोडलेल्या मनगटाचा. तिसरा पायरीवाल्या डॉक्टरांच्या नावे होता.

'मुलगी. दोन किलो शंभर ग्रॅम. आई आणि बाळ दोघी ठीक, आईचं बीपी उतरतंय. तुमच्या गोळीमुळे इथं पोचली तेव्हा आकडा बराच कमी दिसत होता. तुमची चिठ्ठी वर नसती, तिच्यातला आधीचा आकडा दिसला नसता, तर मी वाट पाहत बसले असते.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. यजमान हीच बातमी घेऊन केव्हाचे निघाले होते, पण बावीस वर्षांत कधी रस्ता न चुकलेला तो माणूस इस्पितळाच्या बोळांत हरवून एक्स-रेच्या खोलीत जाऊन पोचला होता. ते धापा टाकत आले तेव्हा बाई हुंदके देत नोंदवहीत आवक-जावक क्रमांक घालत होत्या. बाळाला बघायला आत्ता सोडत नाहीत, यजमानांनी सांगितलं; भेटायची वेळ चार ते सहा. रडता रडता बाईंना हसू फुटलं.

मग त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून 'बंद' अशी पाटी काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. रांगेत दोन माणसं होती, त्यांना शेजारच्या खिडकीवर जायला सांगितलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी खिडकी ओढून घेऊन टाचणीबाई कागद हातात धरून पायऱ्यांच्या दवाखान्याकडे निघाल्या.

डॉक्टर दारातच उभे होते, एका आजोबांना गोळ्या समजावून देत. त्यांनी कागद घेतला, वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी कागदाच्या वरच्या कडेवरून, जिथून तो फाडला होता तिथून, अंगठा फिरवला. घाईघाईने फाडलेल्या बाकीच्या उत्तरांच्या कडा नेहमी चिरलेल्या असत. ही कड सरळ होती. बाईंनी खिडकीवर चिठ्ठी आत पाठवण्याआधीच ओळीवर नखाने घडी घालून ठेवली होती.

"फाडलंय मात्र सुबक," डॉक्टर म्हणाले.

"सत्तावीस वर्षांचा हात आहे," टाचणीबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.